शिकवणारे केंद्र : बंगळूर ते आसनगाव
जिल्हा क्षयरोग केंद्र या संस्थेची वाटचाल

क्षयरोग बरा करणारी औषधे आपल्या देशात सत्तर वर्षांहून अधिक काळ आहेत. तरीही २०२३ साली भारतात अंदाजे २८ लाख लोकांना हा रोग नव्याने जडला. जगातल्या दर चार क्षयरुग्णांतला एक भारतातला आहे. औषध असूनही रोग हटत का नाही, याची कारणे पुष्कळ सांगता येतात. दारिद्र्य, कुपोषण, दाटीवाटीची वस्ती ही तर उघडच आहेत. पण वैद्यकीय बाजूने विचार केला की एका प्रश्नाशी थांबावेच लागते. खोकणारा माणूस सर्वांत आधी ज्याच्याकडे जातो, त्याला हा रोग ओळखता येतो का? आणि ओळखता आला तर त्यावर नीट, पुरेसे दिवस औषध देता येते का?

जिल्हा क्षयरोग केंद्र ही संस्था याच प्रश्नातून उभी राहिली. तिच्याकडे पाहणारे तिला दवाखाना समजतात. कागदोपत्री ते खरेही आहे; पण तिचे मूळ काम शिकवण्याचे होते आणि आहे. जिल्ह्यातल्या प्रत्येक डॉक्टरला, प्रयोगशाळा तंत्रज्ञाला, आरोग्यसेवकाला आणि आता आशाताईला क्षयरोग ओळखायला आणि सांभाळायला शिकवणे, हे तिच्या स्थापनेमागचे सूत्र आहे. या लेखात तिचा इतिहास याच अंगाने मांडला आहे.

शहापूर-मुरबाडचा मुलूख

आसनगाव हे मध्य रेल्वेच्या कल्याण-कसारा मार्गावरचे स्टेशन. शहापूर गावाला सर्वांत जवळचे. इथून लोकलने दोन तासांच्या आसपास मुंबई गाठता येते. पण स्टेशनापासून आत डोळखांब, किन्हवलीकडे किंवा पुढे मुरबाड तालुक्यात टोकावडे, माळशेजच्या बाजूला वळले की अंतराचा हिशेब बदलतो. मुरबाड तालुक्यात तर रेल्वेच नाही. भातसा, तानसा, वैतरणा ही मुंबईची तहान भागवणारी धरणे याच डोंगराळ पट्ट्यातली, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारे पाडेही याच पट्ट्यातले. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली अशी आदिवासी वस्ती मोठी. भाताची कापणी-झोडणी उरकली की अनेक कुटुंबे भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात.

क्षयरोगाच्या उपचाराला किमान सहा महिने लागतात. वर्षातले सहा-सात महिनेच गावात राहणाऱ्या माणसाला सहा महिने सलग औषध द्यायचे, ही इथल्या आरोग्य कर्मचाऱ्याची खरी परीक्षा. कुठल्याही पाठ्यपुस्तकात या परीक्षेचा धडा नाही. तो इथेच, कामातून शिकावा लागतो आणि पुढच्याला शिकवावा लागतो.

आरोग्यधामांचा काळ

औषधे येण्यापूर्वी क्षयावर विश्रांती, मोकळी हवा, दूध-अंडी आणि फुप्फुसाभोवतीच्या पोकळीत हवा भरून त्याला आराम देण्याची शस्त्रक्रिया एवढेच उपाय होते. महाराष्ट्रात डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ साली पाचगणीला बेल-एअर सुरू केले. मिरजेत डॉ. वानलेस यांच्या नावाने छातीच्या विकारांचे रुग्णालय उभे राहिले, मुंबईत शिवडीचे रुग्णालय वाढले. या ठिकाणी मनापासून सेवा झाली, पण ती मोजक्यांच्या वाट्याला आली. १९४६ साली भोर समितीने अंदाज दिला तो असा : देशात क्षयाचे सुमारे २५ लाख रुग्ण, दरवर्षी ५ लाख मृत्यू आणि खाटा अवघ्या ६ हजारांच्या आसपास. म्हणजे चारशे रुग्णांमागे एकसुद्धा खाट धड नव्हती.

शहापूरच्या एखाद्या पाड्यावरच्या माणसाला पाचगणी किंवा मिरज म्हणजे दुसरा देशच. क्षयतज्ज्ञ होते ते आरोग्यधामात. गावचा डॉक्टर रुग्णाला तिकडे पाठवण्यापलीकडे फारसे काही करू शकत नव्हता. तेव्हा त्याला शिकवावे असे कोणाच्या मनात आले नाही, कारण शिकून करण्यासारखे त्याच्या हाती काही नव्हते.

मद्रास आणि बंगळूर

स्ट्रेप्टोमायसिन, पॅस आणि १९५२ साली आलेले आयसोनियाझिड यांनी हे चित्र पालटले. गोळ्या खाऊन क्षय बरा होतो हे दिसू लागले. मग खाटेची गरज आहे का, हा प्रश्न आला. १९५६ साली मद्रासला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांनी मिळून एक केंद्र सुरू केले. डॉ. वॉलेस फॉक्स यांच्या नेतृत्वाखाली तिथे गरीब वस्तीतल्या रुग्णांचे दोन गट केले गेले. एका गटाला आरोग्यधामात, चांगल्या आहारासह ठेवले. दुसरा गट आपल्या कोंदट घरात राहून औषध घेत होता. वर्षअखेर दोन्ही गटांत बरे होणाऱ्यांचे प्रमाण जवळजवळ सारखे निघाले. घरी राहणाऱ्या रुग्णांमुळे घरच्यांना जास्त लागण झाली, असेही आढळले नाही. १९५९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जगभर क्षयोपचाराची दिशा बदलली.

त्याच सुमारास, १९५५ ते १९५८ या काळात झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीने आणखी एक समज मोडीत काढला. क्षय हा शहरांचा, गिरण्या आणि चाळींचा रोग असे मानले जाई. पाहणीत तो खेड्यांतही शहरांइतकाच आढळला; थुंकीत जंतू असलेले लोक हजारी २ ते ८ या दरम्यान. बहुसंख्य लोकसंख्या खेड्यात, म्हणजे बहुसंख्य रुग्णही खेड्यात. उपचार घरी होऊ शकतो आणि रुग्ण खेड्यात आहेत, या दोन गोष्टी जुळल्या की उत्तर एकच उरते : खेड्यातल्या दवाखान्यालाच हे काम शिकवायला हवे.

ते शिकवण्यासाठी बंगळूरला राष्ट्रीय क्षयरोग संस्था स्थापन झाली. १६ सप्टेंबर १९६० रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. डॉ. राज नारायण, डॉ. नागपॉल, डेन्मार्कचे हाफडन माहलर आणि स्टिग अँडरसन, समाजशास्त्रीय अंगाने काम करणारे डॉ. देबाबर बॅनर्जी अशी माणसे तिथे एकत्र आली. माहलर पुढे १९७३ ते १९८८ या काळात जागतिक आरोग्य संघटनेचे महासंचालक होते आणि 'सर्वांसाठी आरोग्य' ही घोषणा त्यांच्याच कारकिर्दीतली. बंगळूरच्या कामाचा त्यांच्या विचारावर ठसा होता.

या संस्थेतला सर्वांत मोलाचा अभ्यास बॅनर्जी आणि अँडरसन यांचा. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्यांनी तुमकूर जिल्ह्यातल्या खेड्यांतले क्षयरुग्ण शोधून त्यांना साधे प्रश्न विचारले : त्रास होतो का, त्याबद्दल काय केले, कुठे गेलात? खेडूत अडाणी असतो, दुखणे अंगावर काढतो, दवाखान्यात येतच नाही, असे तोवर सर्रास बोलले जाई. प्रत्यक्षात थुंकीत जंतू असलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक उपचारासाठी आधीच कुठे ना कुठे जाऊन आले होते, पुष्कळसे तर सरकारी दवाखान्यातच. तिथून ते खोकल्याच्या औषधाची बाटली घेऊन परतले होते. रोगी दारात येऊन गेला होता. डॉक्टरला तो दिसला नव्हता.

जिल्हा क्षयरोग केंद्राची सगळी इमारत या एका निष्कर्षावर उभी आहे.

जिल्ह्याचे पथक

१९६२ साली राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम आखला गेला. दर जिल्ह्यात एक केंद्र आणि त्यात एक पथक : जिल्हा क्षयरोग अधिकारी, उपचार संघटक, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, क्ष-किरण तंत्रज्ञ, सांख्यिकी सहायक इत्यादी. हे पथक बंगळूरला एकत्र प्रशिक्षण घेई. डॉक्टरला वेगळे, तंत्रज्ञाला वेगळे अशी वाटणी नव्हती, कारण परत आल्यावर त्यांना एकत्रच काम करायचे होते. परतल्यावर पथकाने जिल्ह्यातल्या एकेका आरोग्य केंद्रात जायचे, तिथल्या डॉक्टरला खोकल्याचा रुग्ण कसा निवडायचा ते दाखवायचे, तंत्रज्ञाकडून काचपट्टी करून घ्यायची, नोंदवही आखून द्यायची आणि काही काळाने पुन्हा जाऊन तपासायचे.

महाराष्ट्रात हे सुरू झाले तेव्हा राज्य नुकतेच झाले होते. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे त्यांच्याकडे गेली. क्षयरोगासाठी निराळे दवाखाने काढायचे नाहीत, आहे त्याच आरोग्य केंद्रातून काम करायचे, हे धोरण त्यामुळे महाराष्ट्राच्या रचनेत चपखल बसले. त्यातली अडचणही तिथेच होती. शिकवणारा अधिकारी एका साखळीतला, शिकणारा डॉक्टर दुसऱ्या साखळीतला. अधिकार कमी आणि जबाबदारी मोठी, अशा स्थितीत जिल्हा क्षयरोग अधिकाऱ्याला काम करावे लागले. ज्यांनी ते केले त्यांनी हुकमापेक्षा समजावणीच्या बळावर केले.

प्रशिक्षण एकदाच होत नसते

पुढच्या तीस वर्षांत या आराखड्याचे बरेच काही विस्कटले. प्रशिक्षित डॉक्टर बदलून जाई, नव्याला कोणी शिकवत नसे. सूक्ष्मदर्शक कपाटात राही आणि निदान छातीच्या फोटोवर होई. औषधे मध्येच संपत. दोन महिन्यांत खोकला थांबला, भूक लागू लागली की रुग्ण गोळ्या सोडून देई, आणि त्याला परत आणायला कोणी जात नसे. १९८० च्या दशकात रिफॅम्पिसिनचा समावेश असलेली कमी मुदतीची उपचारपद्धती काही जिल्ह्यांत सुरू झाली, पण जुने दोष तसेच राहिले. १९९२ साली भारत सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि स्वीडनची विकास संस्था यांनी मिळून आढावा घेतला तेव्हा हेच दोष पुढे आले : अपुरा निधी, तुटपुंजी औषधे, फोटोवर भिस्त आणि उपचार अर्धवट सोडणारे असंख्य रुग्ण.

या अनुभवातून सुधारित राष्ट्रीय क्षयरोग नियंत्रण कार्यक्रम आकाराला आला. १९९३ पासून त्याचे प्रयोग झाले, १९९७ साली तो देशपातळीवर सुरू झाला आणि मार्च २००६ मध्ये सारा देश त्याखाली आला. प्रशिक्षणाच्या दृष्टीने त्यात दोन मोठे बदल होते. प्रत्येकाच्या कामापुरती स्वतंत्र पाठपुस्तिका तयार झाली : डॉक्टरची वेगळी, तंत्रज्ञाची वेगळी, औषध देणाऱ्याची वेगळी. महाराष्ट्रात पुणे आणि नागपूर इथल्या राज्य क्षयरोग प्रशिक्षण व प्रात्यक्षिक केंद्रांनी ही शिकवणी जिल्ह्यांपर्यंत नेली.

दुसरा बदल अधिक महत्त्वाचा. जिल्ह्याच्या खाली क्षयरोग पथक हा नवा स्तर आला : साधारण ५ लाख लोकसंख्येला एक, आदिवासी आणि डोंगराळ भागात अडीच लाखांना एक. सूक्ष्मदर्शक केंद्र १ लाखाला एक, आदिवासी भागात ५० हजारांना एक. या पथकात उपचार पर्यवेक्षक आणि प्रयोगशाळा पर्यवेक्षक असे दोघे जण मोटारसायकलवरून फिरणारे. त्यांचे काम तपासणीचे म्हटले जाते, पण ते खरे तर शिक्षकाचे आहे. वर्गात ऐकलेले महिन्याभरात विसरले जाते. पर्यवेक्षक शेजारी बसून काचपट्टी पाहतो तेव्हा ते पक्के होते. शहापूर-मुरबाडसारख्या भागासाठी लोकसंख्येचा निकष सैल केला गेला, तो अंतर ओळखून. हा निर्णय ज्यांनी घेतला त्यांना डोंगरातला रस्ता माहीत असावा.

काचपट्टीवरचे शिक्षण

प्रशिक्षण म्हणजे नेमके काय, हे प्रयोगशाळेत सर्वांत स्पष्ट दिसते. रुग्णाने थुंकी द्यायची म्हणजे लाळ द्यायची नव्हे. तंत्रज्ञाने त्याला उघड्यावर, वाऱ्याच्या बाजूला उभे करून सांगायचे : खोल श्वास घ्या, रोखा, मग छातीतून खोकून बेडका काढा. हे नीट समजावले नाही तर पुढचे सगळे वाया. डबीत पाण्यासारखी लाळ आली तर ती परत देऊन पुन्हा मागायची. यासाठी धीर लागतो, आणि समोरचा माणूस तीन डोंगर ओलांडून आलेला असतो.

मग नमुन्यातला पिवळसर, घट्ट भाग काडीने उचलून काचपट्टीवर साधारण ३ सेंटिमीटर लांब आणि २ सेंटिमीटर रुंद पसरायचा. थर इतका पातळ की खाली धरलेल्या छापील कागदावरची अक्षरे त्यातून वाचता यावीत. वाळल्यावर ज्योतीवरून फिरवून तो पक्का करायचा. त्यावर कार्बोल फुक्सिन हा लाल रंग ओतून वाफ निघेपर्यंत तापवायचा. उकळू द्यायचा नाही. पाच मिनिटांनी धुऊन २५ टक्के गंधकाम्ल, त्यानंतर मिथिलीन ब्लू. आम्लाने बाकी सगळे रंग सोडते, क्षयाचा जंतू सोडत नाही. निळ्या पार्श्वभूमीवर बारीक लाल काड्या दिसतात त्या याच.

तेलाच्या भिंगाखाली शंभर क्षेत्रे पाहायची, त्याआधी 'जंतू नाहीत' असे लिहायचे नाही. शंभर क्षेत्रांत १ ते ९ जंतू दिसले तर आकडा जसाच्या तसा लिहायचा; १० ते ९९ असतील तर एक अधिक; दर क्षेत्रात १ ते १० असतील तर दोन अधिक; दहाहून जास्त असतील तर तीन अधिक. पाहून झालेली पट्टी फेकायची नाही. पर्यवेक्षक त्यातल्या काही उचलून आधीचा निकाल न पाहता पुन्हा वाचतो. चूक सापडली तर ती शिक्षेसाठी वापरायची नाही. रंग जुना झाला होता, भिंग मळले होते की घाई झाली होती, हे शोधायचे. अशा फेरतपासणीतून तंत्रज्ञ घडतो. देशातल्या लाखो क्षयरुग्णांचे निदान या एका लाल काडीवर, ती नीट पाहणाऱ्या डोळ्यांवर झाले आहे.

औषध देणारे हात

निदानानंतर उपचार. सुधारित कार्यक्रमात प्रत्येक रुग्णाच्या नावाची औषधाची पेटी बाजूला ठेवली जाई. नव्या रुग्णाची लाल, पुन्हा आजारी पडलेल्याची निळी. पेटी नावाची असल्यामुळे औषध मध्येच संपण्याची भीती उरली नाही. गोळ्या आठवड्यातून तीनदा, कोणाच्या तरी डोळ्यांसमोर घ्यायच्या. ते डोळे अनेक ठिकाणी अंगणवाडीताईंचे होते, पुढे आशाताईंचे झाले. २०१७ पासून रोज घ्यायच्या एकत्रित गोळ्या आल्या. आता पहिले दोन महिने एकाच गोळीत चार औषधे, पुढचे चार महिने तीन. गोळ्यांची संख्या वजनावर ठरते : २५ ते ३४ किलोला दोन, ३५ ते ४९ किलोला तीन, ५० ते ६४ किलोला चार. पाड्यावरच्या अनेक रुग्णांचे वजन चाळिशीच्या आत असते, म्हणून वजनकाटा हे इथे निदानाइतकेच महत्त्वाचे साधन.

औषध देणाऱ्याला शिकवायच्या गोष्टी बारीक असतात, पण रुग्ण त्यांवरच टिकतो. रिफॅम्पिसिनने लघवी केशरी होते हे आधी सांगितले नाही तर 'औषध गरम पडलं, रक्त जातंय' म्हणून माणूस गोळ्या फेकून देतो. डोळे पिवळे झाले, सारख्या उलट्या होऊ लागल्या, नजर अंधूक झाली तर लगेच आरोग्य केंद्रात पाठवायचे. दोन महिन्यांनी बरे वाटते तेव्हाच सर्वांत जास्त धोका, हे घरच्यांना सांगायचे. आणि दिवाळीनंतर पहिला प्रश्न विचारायचा : भट्टीवर कधी निघणार, कुठल्या? आज रुग्णाचा निक्षय क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदणीचा क्रमांक, देशभर चालतो, त्यामुळे भिवंडीच्या आरोग्य केंद्रातून त्याच्या गोळ्या चालू राहू शकतात. पण हा प्रश्न वेळेत विचारला गेला तरच.

खासगी दवाखान्याचा दरवाजा

शिकवणीचा सर्वांत अवघड भाग खासगी क्षेत्राचा. आसनगावला संध्याकाळच्या लोकलने उतरणाऱ्या नोकरदाराला सरकारी बाह्यरुग्ण विभाग बंद झालेला आढळतो; उघडा असतो तो खासगी दवाखाना आणि औषधाचे दुकान. तो तिथे जातो यात त्याचे काही चुकत नाही.

या दवाखान्यांत काय होते, याचा पहिला गंभीर अभ्यास मराठी मुलखातच झाला. डॉ. मुकुंद उपळेकर यांनी धारावीतल्या खासगी डॉक्टरांना क्षयरुग्णासाठी औषधचिठ्ठी लिहायला सांगितली. १९९१ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले : शंभर डॉक्टरांनी मिळून ८० निरनिराळ्या पद्धती लिहिल्या होत्या. जवळजवळ वीस वर्षांनी, २०१० साली, हिंदुजा रुग्णालयाचे डॉ. झरीर उदवाडिया यांनी उपळेकरांसह तोच प्रश्न पुन्हा मुंबईत विचारला. १०६ डॉक्टरांनी ६३ प्रकारच्या चिठ्ठ्या लिहिल्या. बरोबर निघाल्या अवघ्या सहा. पुढे मुंबई आणि पाटण्यात प्रशिक्षित माणसे रुग्ण म्हणून पाठवून पाहणी झाली, तेव्हा योग्य हाताळणी तीनातल्या जेमतेम एका भेटीत झाली. हे डॉक्टर वाईट नव्हते. त्यांना कोणी शिकवलेच नव्हते, आणि शिकवणारी यंत्रणा फक्त सरकारी दवाखान्याकडे पाहत होती.

चुकीच्या सवयी ठरावीक आहेत. खोकल्याला पहिल्याच भेटीत लिव्हॉफ्लॉक्सासिन दिले की क्षय काही दिवस दबतो, बरे वाटते आणि निदान महिनाभर लांबते. स्टेरॉइडनेही तसाच भास होतो. फक्त फोटोवर कोर्स सुरू केला की जंतू औषधाला दाद देतात की नाही हे कळत नाही. रक्ताची प्रतिपिंड चाचणी तर इतकी फसवी निघाली की जून २०१२ मध्ये सरकारने तिच्यावर बंदी घातली. त्याच वर्षी ७ मे रोजी क्षयरुग्णाची नोंद कळवणे प्रत्येक डॉक्टर आणि प्रयोगशाळेला बंधनकारक झाले. २०१८ साली औषधविक्रेतेही त्यात आले. आता खासगी डॉक्टरला नोंदीसाठी ५०० आणि उपचार पूर्ण झाल्याचे कळवल्यावर ५०० रुपये मिळतात, आणि त्याच्या रुग्णाला सरकारी तपासणी व औषधे मोफत मिळू शकतात. नियम आणि मोबदला दोन्ही आले. तरी गावातल्या बीएएमएस, बीएचएमएस डॉक्टरकडे पर्यवेक्षक जाऊन बसतो, त्याला नमुना कुठे पाठवायचा हे दाखवतो आणि निकाल वेळेवर कळवतो, तेव्हाच ती नोंद खरी वाढते. आपला रुग्ण पळवला जाणार नाही, हा भरवसा मिळाल्याशिवाय कोणी रुग्ण पाठवत नाही.

नवी यंत्रे, जुना धडा

गेल्या पंधरा वर्षांत निदानाची साधने झपाट्याने सुधारली. २०१० च्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलेली सीबीनॅट चाचणी दोन तासांत जंतू आणि रिफॅम्पिसिनला होणारा विरोध दोन्ही दाखवते. गोव्याच्या मोलबायो कंपनीचे ट्रूनॅट यंत्र बॅटरीवर चालते, त्यामुळे ते प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत जाऊ शकते. २०२० साली त्यालाही जागतिक मान्यता मिळाली. औषधाला न जुमानणाऱ्या क्षयासाठी पूर्वी दीड-दोन वर्षे इंजेक्शने आणि मूठभर गोळ्या घ्याव्या लागत. २०२४ साली सहा महिन्यांच्या नव्या उपचारपद्धतीला भारतात मंजुरी मिळाली.

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीने शिकवणीला नवे विषय दिले. जंतू सापडलेल्यांपैकी ४२.६ टक्के लोक केवळ छातीच्या फोटोमुळे लक्षात आले. त्यांना विचारण्यासारखा खोकलाच नव्हता. लक्षणे असलेल्यांपैकीही जवळजवळ ६४ टक्के लोक कुठेच गेले नव्हते. १९६३ च्या धड्याला जोड देणारा हा दुसरा धडा : दारात आलेला ओळखायचा आणि न आलेल्याकडे आपण जायचे. झारखंडमध्ये झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले की रुग्णाच्या घरच्यांना पुरेसे धान्य आणि प्रथिने दिली तर त्यांना क्षय होण्याचे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास घटते. नोव्हेंबर २०२४ पासून निक्षय पोषण योजनेत रुग्णाला महिन्याला १,००० रुपये मिळतात. आदिवासी पट्ट्यात काम करणाऱ्या डॉक्टरने गोळ्यांच्या चिठ्ठीबरोबर घरातल्या पातेल्याचीही चौकशी करायला शिकले पाहिजे.

२०२० साली कार्यक्रमाच्या नावात 'नियंत्रण' जाऊन 'निर्मूलन' आले. २०२५ पर्यंतचे उद्दिष्ट मोठे होते. २०१५ ते २०२३ या काळात नव्या रुग्णांचे प्रमाण १७.७ टक्क्यांनी घटले. जगाच्या सरासरीपेक्षा हा वेग दुपटीने चांगला आहे, आणि निर्मूलनाला तो पुरेसा नाही. यंत्रे आली, गोळ्या सुधारल्या, पैसे खात्यात जमा होऊ लागले. पण कोणाचा नमुना यंत्रात घालायचा हे अजूनही माणूसच ठरवतो, आणि तो माणूस शिकलेला असावा लागतो.

पुढच्यांसाठी

साठ वर्षांचा हा इतिहास एकच गोष्ट सांगतो. ज्या काळात जिल्हा केंद्राने शिकवणे चालू ठेवले, त्या काळात रुग्ण सापडले आणि बरे झाले; ज्या काळात शिकवणे थांबले, त्या काळात यंत्रे आणि औषधे असूनही रुग्ण निसटले. म्हणून प्रशासनाला विनंती आहे की पर्यवेक्षकाची आणि तंत्रज्ञाची जागा एक महिनाही रिकामी ठेवू नये, आणि आरोग्य केंद्रात रुजू होणाऱ्या प्रत्येक नव्या डॉक्टरचे क्षयरोगाचे प्रशिक्षण त्याच्या पहिल्या महिन्यातच व्हावे. शहापूर, आसनगाव, वाशिंद, किन्हवली, मुरबाड, टोकावडे इथल्या खासगी डॉक्टरांना आणि औषधविक्रेत्यांना विनंती आहे की वर्षातून एक दिवस या शिकवणीसाठी द्यावा, आणि क्षयाची शंका असलेल्या रुग्णाला थुंकी तपासल्याशिवाय लिव्हॉफ्लॉक्सासिन देऊ नये.

आणि वाचकांना सांगणे एवढेच : घरात, शेजारी, भट्टीवर किंवा लोकलच्या डब्यात कोणी दोन आठवड्यांहून अधिक खोकत असेल, वजन उतरत असेल, संध्याकाळी बारीक ताप येत असेल, तर त्याला जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात घेऊन जा आणि थुंकीची तपासणी मागून घ्या. ती मोफत आहे, उपचार मोफत आहेत, आणि हा रोग बरा होतो.